जिनिंगच्या आवारातील संगणकांची जोडणी : प्रकल्प नोंदी, हंगाम २०२४-२५

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

राळेगाव तालुक्यातील या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात चार संगणक आणि एक प्रिंटर आहे. गेटजवळच्या काटाघरात एक, ग्रेडरच्या, म्हणजे कापसाची प्रत ठरविणाऱ्याच्या, खोलीत एक आणि कार्यालयात दोन, अशी त्यांची विभागणी आहे. हंगामाची मुख्य फाइल दिवाणजींच्या टेबलावरील संगणकात असते. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ग्रेडरने मोजलेला ओलावा आणि त्यावरून निघणारी रक्कम हे सारे त्याच फाइलमध्ये आपोआप जमा व्हावे, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात आवक वाढू लागल्यापासून काटापट्टी हातात घेऊन एक मुलगा काटाघर ते कार्यालय अशा फेऱ्या मारतो आणि दिवाणजी तेच आकडे पुन्हा टंकित करतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने १८.६५ क्विंटलच्या जागी १८.५६ टंकित झाले, तर शेतकऱ्याचे सुमारे ६७७ रुपये जातात आणि पावतीवर नजर टाकून ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. ओलाव्याचे तर याहून नाजूक आहे, कारण ८ टक्क्यांच्या वर गेला की दरात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावाच्या खरेदीत कापूस घेतला जात नाही.

आज कोणत्याही वायरीला हात लावला नाही. सर्वांशी बोलून तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतल्या. काट्यावरचे भाऊ म्हणाले, “कवा चालते, कवा नाई चालत, त्याचा काई भरोसा नाई साहेब.” ग्रेडरचे म्हणणे असे की, सकाळी ज्या दिवशी जोडणी मिळते त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत टिकते, आणि ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी संगणक कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग होत नाही. दिवाणजींची तक्रार तिसरीच आहे. मधूनच सगळे एकदम तुटते आणि मिनिटाभरात आपोआप परत येते. आजवर या तिन्ही गोष्टी एकच बिघाड समजल्या गेल्या आणि त्यावर राउटरमधील सिमकार्डाचा रिचार्ज करणे हा उपाय होत राहिला. आवारातल्या आवारात फाइल पोहोचविण्यासाठी इंटरनेटची गरजच नसते, त्यामुळे त्या रिचार्जने काही सुटणार नव्हते.

आवाराचा नकाशा काढला. कार्यालयात आठ पोर्टचा साधा स्विच, म्हणजे सर्व केबली एकत्र जोडणारी पेटी, आणि सिमकार्डाचा राउटर आहे. स्विचमधून एक केबल काटाघरास आणि एक ग्रेडरच्या खोलीस जाते. ग्रेडरच्या खोलीत पोर्ट कमी पडत होते म्हणून पूर्वीच्या टेलिफोन जोडणीचा जुना राउटर तिथे बसविलेला आहे. काटाघराच्या केबलची लांबी कोणालाच ठाऊक नव्हती. मात्र या केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. टॉर्च मारून आणि बोटाने धूळ व रुईचे तंतू पुसून दोन्ही टोकांचे आकडे वाचले. काटाघराकडे २७९, स्विचकडे १४८, आणि मध्ये जोड कुठेच नाही. म्हणजे लांबी १३१ मीटर झाली. तांब्याच्या अशा केबलची मर्यादा दोन्हीकडच्या लहान वायरी धरून १०० मीटर असते.

पुढील कामासाठी ठरविले की, एका वेळी एकच बदल करायचा, तो वेळेसह वहीत लिहायचा आणि तपासणी झाल्याखेरीज दुसऱ्या बदलाकडे जायचे नाही. हंगामात खरेदी थांबवता येत नाही. गेटबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना चार ठिकाणी एकदम खोलून बसणे परवडणारे नाही.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज ग्रेडरची तक्रार हाती घेतली. सकाळी त्यांचा संगणक सुरू केला, तेव्हा त्याला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील त्याचा क्रमांक, १९२.१६८.०.१०३ होता आणि कार्यालयातील दोन्ही संगणक १९२.१६८.१ या मालिकेत होते. तिसरा आकडा वेगळा असल्यामुळे दोन्हीकडची यंत्रे एकाच स्विचला जोडलेली असूनही एकमेकांना शेजारी मानत नव्हती. ग्रेडरच्या खोलीतील जुना राउटर केवळ जास्तीच्या पोर्टसाठी बसविला गेला, परंतु त्यातील पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, चालूच राहिले. त्यामुळे जाळ्यात पत्ते देणारी दोन यंत्रे झाली. एकाच गेटवर दोघांनी वेगवेगळ्या रंगांची टोकन वाटावीत, तसा हा प्रकार आहे. संगणक सुरू झाल्यावर तो पत्त्यासाठी सर्वांना हाक देतो आणि साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता घेतो. जुना राउटर जवळ असला तरी तो प्रत्येक वेळी जिंकेलच असे नसते, म्हणून एखादा दिवस चांगला आणि एखादा दिवस वाईट जात असे. एकदा घेतलेला पत्ता मुदत संपेपर्यंत यंत्राकडे राहतो आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आधी तोच पत्ता मागतो. त्यामुळे बंद-चालू करूनही फरक पडत नव्हता, हे ग्रेडरचे निरीक्षण अगदी अचूक होते.

जुन्या राउटरमधील पत्तेवाटप बंद केले, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच आहे याची खात्री केली. ती केबल इंटरनेटसाठीच्या पोर्टमध्ये गेली असती, तर राउटरने ग्रेडरची खोली पुन्हा वेगळी पाडली असती. राउटरवर पट्टी चिकटवून “फक्त जोडणीसाठी, रीसेट करू नये” असे लिहिले. मागचे ते बारीक छिद्र टाचणीने दाबले की मूळ सेटिंग परत येते, आणि अडचणीच्या वेळी लोक सर्वप्रथम तेच करतात.

काटाघराच्या संगणकावर दुपारी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आढळला. पत्ता देणाऱ्या यंत्राकडून उत्तर न आल्यास विंडोज स्वतःच या राखीव मालिकेतील एक पत्ता घेऊन बसते. तेव्हा असा पत्ता दिसला की संगणकाचे कार्ड शाबूत आहे, पण त्याची हाक पलीकडे पोहोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही, एवढे समजावे. काट्याचा प्रश्न ग्रेडरच्या प्रश्नाहून वेगळा आहे, हे इथे स्पष्ट झाले.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

विधानसभेच्या मतदानामुळे आज आवार बंद होते. जिन, प्रेस आणि सरकी ओढणारे पंखे सारे थांबलेले असल्यामुळे अशी शांतता हंगामात पुन्हा मिळणार नव्हती. म्हणून मतदान करून आल्यावर चौकीदाराकडून किल्ली घेतली. काटाघराची केबल काही अंतर प्रेसच्या विजेच्या केबलला लागून जाते आणि “मोटारीमुळे त्रास होतो” असे सर्वांचे मत होते. मोटारी बंद असताना त्या मताची परीक्षा होणार होती.

काटाघरातून दिवाणजींच्या संगणकाला सतत पिंग, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश, लावून ठेवले. मोटारी बंद असूनही दर शंभरात तीस-पस्तीस उत्तरे गळत होती. गळतीचे मूळ केबलमध्येच होते. आठ दिव्यांचा टेस्टर लावला, तर एक ते आठ सर्व दिवे क्रमाने लागले. आधीच्या कारागिरानेही इथेच समाधान मानले असावे. नंतर प्लगच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून तारांचे रंग पाहिले : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला ही मांडणी नीटनेटकी आहे, प्रत्येक जोडी शेजारी-शेजारी बसलेली आहे, आणि नेमका तोच दोष आहे. प्रमाण मांडणीत चौथ्या जागी निळी आणि सहाव्या जागी हिरवी तार असते, कारण १०० मेगाबिटच्या जोडणीत पहिली-दुसरी तार मिळून एक मार्ग आणि तिसरी-सहावी मिळून दुसरा मार्ग होतो. तिसरी आणि सहावी तार एकमेकींना पिळलेली असेल तरच बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखा पडतो आणि पलीकडे वजा होऊन जातो. इथे तिसरी तार हिरव्या जोडीतली आणि सहावी निळ्या जोडीतली होती, म्हणजे पीळ होता पण भलत्याच जोडीदाराशी. टेस्टर फक्त तार इकडून तिकडे सलग आहे की नाही एवढेच सांगतो, ती कोणाशी पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. दोन-चार मीटरच्या वायरीत असा दोष खपून जातो, १३१ मीटरमध्ये खपत नाही.

दोन्ही टोकांचे प्लग कापून प्रमाण रंगक्रमाने नवे बसविले. गळती शंभरात चार-पाचांवर आली, पण शून्य झाली नाही. उरलेली गळती लांबीमुळे होती. तात्पुरता उपाय म्हणून काटाघराच्या कार्डाचा वेग १० मेगाबिट, हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूने बोलणे) असा ठरवून दिला. इथे फुल डुप्लेक्स निवडण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. एका बाजूने वेग हाताने ठरविला की साध्या स्विचला वाटाघाटीचा संकेत मिळत नाही. तो वेग ओळखतो, पण स्वतः हाफ डुप्लेक्स धरून चालतो. मग एक बाजू एकाच वेळी बोलते-ऐकते, दुसरी बाजू त्याला टक्कर समजते, आणि जोडणी दिसायला चालू राहूनही काम रखडते. एका गाडीच्या वजनाची नोंद काही बाइटांची असते, त्यामुळे १० मेगाबिटचा वेग काट्याला आवश्यकतेहून कितीतरी जास्त आहे. या बदलानंतर गळती थांबली.

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आज मोटारी सुरू झाल्या. काट्याची जोडणी त्यांच्या चालू असण्याने बिघडली नाही. मात्र प्रेसचा हायड्रॉलिक पंप सुरू होताच कार्यालयातील स्विचचे सर्व दिवे एकदम विझले आणि काही क्षणांनी सर्व एकदम लुकलुकले. एका केबलचा दोष असता तर एकच दिवा गेला असता. सर्व दिवे जातात तेव्हा स्विचच बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असतो. त्याचा अडॅप्टर जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा असून तो भिंतीवरच्या थेट सॉकेटमध्ये होता. मल्टिमीटर लावून पाहिले, तर पंप सुरू होताना २२६ व्होल्टचा दाब क्षणभर १७० च्या आसपास येत होता. संगणक यूपीएसवर असल्यामुळे त्यांना ते जाणवत नव्हते, म्हणून संशय नेहमी जाळ्यावर येत होता.

स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घेतले. दुपारनंतर पंप अनेकदा सुरू-बंद झाला, स्विचचे दिवे हलले नाहीत. स्विच उघडला तेव्हा आत रुईचा पातळ थर नमद्यासारखा बसलेला निघाला. ब्रशने आणि ब्लोअरने तो साफ केला, रिकाम्या पोर्टना रबरी बुचे लावली आणि स्विच भिंतीवर उंच टांगला. जिनिंगमध्ये यंत्राच्या झरोक्यातील रुई ही केवळ अस्वच्छता नसते, ती पेट घेते. त्यामुळे ही साफसफाई महिन्याच्या कामात लिहून घेतली.

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आता तिन्ही ठिकाणांहून पिंग व्यवस्थित जाते, तरी ग्रेडरच्या संगणकावरून मुख्य फाइलचा फोल्डर उघडत नव्हता. पिंग गेले म्हणजे रस्ता मोकळा आहे एवढेच सिद्ध होते, दार उघडे आहे की नाही ते वेगळे तपासावे लागते. दिवाणजींच्या विंडोज १० मध्ये जाळ्याचा प्रकार ‘पब्लिक’ झालेला होता. राउटर बदलला की विंडोज जाळे नवीन समजते आणि अनोळखी ठिकाण म्हणून फाइलवाटपाला फायरवॉलमधून वाट देत नाही. प्रकार ‘प्रायव्हेट’ केला. पुढची अडचण अशी की, दिवाणजींच्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज जाळ्यावरून प्रवेश देत नाही. वाटपासाठी पासवर्डासह वेगळे खाते तयार केले आणि त्याला फक्त त्या एका फोल्डरचा अधिकार दिला.

मधल्या काळात कोणीतरी फोनवरून सल्ला दिला होता की, एसएमबी-१ चालू करा म्हणजे सर्व यंत्रे आपोआप दिसू लागतील. तो सल्ला मानला नाही. फाइलवाटपाची ती जुनी पद्धत आहे. तिच्यातील छिद्रासाठी मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती, आणि ती न बसविलेल्या यंत्रांतूनच त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय ही खंडणी मागणारी कीड जगभर पसरली. काटाघरातील संगणक विंडोज ७ वर असला तरी त्याला एसएमबी-२ येते, त्यामुळे जुन्या पद्धतीची गरज नाही. यादीत नाव दिसले नाही तरी चालेल, अशा विचाराने फोल्डर नावाऐवजी थेट १९२.१६८.१.१० या पत्त्याने जोडून डेस्कटॉपवर ठेवला.

पत्त्यांची शिस्तही लावली. राउटर १०० ते १५० या पत्त्यांचे वाटप करील आणि संगणक व प्रिंटर यांना १० ते २० मधील कायमचे पत्ते राहतील. प्रिंटरचा हाताने दिलेला पत्ता १०२ होता. तो वाटपाच्या टप्प्यात येत असल्यामुळे एखाद्या मोबाइलला तोच पत्ता मिळाला की छपाई अडत असे. काटाघराच्या संगणकास पत्ता दिला, पण गेटवेची जागा रिकामी ठेवली. विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. गेटवे नसला की तो संगणक आवारात सर्वांशी बोलतो, पण इंटरनेटपर्यंत जात नाही.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

काट्यासाठी कायमचा मार्ग ठरविण्याकरिता व्यवस्थापकांशी चर्चा झाली. पहिला पर्याय केबलच्या मध्यावर आणखी एक स्विच बसविण्याचा होता. तो सर्वांत स्वस्त आहे, पण तिथे वीज न्यावी लागते आणि तो मध्य नेमका कापसाच्या गंजींच्या बाजूला येतो. उघड्या कापसाजवळ विजेचा एक बिंदू वाढविणे मला मान्य नव्हते आणि व्यवस्थापकांनीही ते तत्काळ नाकारले. दुसरा पर्याय बिनतारी जोडणीचा होता. गेट आणि कार्यालय यांच्या मध्ये टिनाचे शेड आहे आणि हंगामात गंजी चढत जातात. आज दिसणारी सरळ रेषा जानेवारीत दिसेलच असे नाही. खांब उंच केला तर ती अडचण जाईल, पण उन्हाळ्याअखेरच्या वादळात विजेला तोच खांब सर्वांत जवळचा ठरेल.

म्हणून फायबरचा, म्हणजे काचेच्या धाग्यातून प्रकाशाने संदेश नेणाऱ्या केबलचा, पर्याय घेतला. अंतराची अडचण त्यात नाहीच. त्याहून महत्त्वाचे असे की, काटाघर आणि कार्यालय यांचे अर्थिंग वेगवेगळे आहे, आणि जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमधील दाबाचा फरक तांब्याच्या केबलवाटे यंत्रांत शिरतो. मागील पावसाळ्यात काटाघराचे कार्ड जळाले होते असे भाऊंनी सांगितले, ते याच कारणाने असणे शक्य आहे. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. उंदरांचा उपद्रव असल्यामुळे पोलादी आवरणाची केबल घेणे भाग होते. परंतु ते पोलाद दोन इमारतींना जोडून बसले तर फायबरचा हा लाभच जातो, म्हणून दोन्ही टोकांना आवरण अलीकडेच कापून ते कशालाही न टेकवता टेपने बंद करण्याचे ठरले.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

कुंपणाच्या भिंतीलगत दोन फूट खोल चर खणून पाइपमधून केबल टाकली. ट्रॉल्या वळतात त्या जागी पाइप लोखंडी घेतला. टोके जोडण्याचे काम तालुक्याच्या गावातील केबल टीव्हीच्या कारागिराने मशीनने केले. धागा कापताना टोक किंचित तिरपे आले, तर मशीन ते पडद्यावर मोठे करून दाखवते आणि पुन्हा कापायला लावते. हवेत रुई उडत असल्यामुळे हे काम काटाघराची दारे-खिडक्या लावून, टेबलावर ओले कापड अंथरून करावे लागले. केबलमध्ये दोन धागे असून एक वापरात आहे आणि दुसरा जोडून राखीव ठेवला आहे.

दोन्हीकडचे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत आणि उलट बदलणारी यंत्रे, परस्परपूरक असावे लागतात. एकाच धाग्यातून दोन्ही दिशांचा प्रकाश जात असल्यामुळे एक यंत्र १३१० नॅनोमीटरवर पाठविते आणि दुसरे १५५० वर. दोन्ही एकाच प्रकारची आणली तर दिवा लागत नाही, आणि बदलीचा नग मागवताना ही चूक सहज होते. म्हणून “काटाघर : १३१०” आणि “कार्यालय : १५५०” असे त्यांच्यावरच लिहिले. काटाघरातील कन्व्हर्टर तिथल्या यूपीएसवर आहे. संगणकाच्या कार्डाचा वेग पुन्हा स्वयंचलित केला, कारण २० तारखेचे ते १० मेगाबिटचे सेटिंग तसेच राहिले असते तर आता त्याचाच अडथळा झाला असता.

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

आज आवक मोठी होती, गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गाड्या होत्या. सकाळी दोन गाड्यांची वजने कार्यालयात आली नाहीत आणि सर्वांनी फायबरकडे बोट दाखविले. पिंग पूर्ण जात होते. काटाघरात पाहिले तेव्हा संगणकाच्या पडद्यावरही वजन नव्हते, ते फक्त काट्याच्या डिस्प्लेवर होते. सफाई करताना डिस्प्लेकडून येणारा यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला गेला आणि विंडोजने त्याला कॉम-३ ऐवजी कॉम-५ असा क्रमांक दिला. प्रोग्राम कॉम-३ वरच वाट पाहत होता. डिव्हाइस मॅनेजरमधून क्रमांक पूर्ववत केला, त्या खाचेला रंग लावला आणि बाकी खाचा टेपने बंद केल्या.

काटापट्टी घेऊन फिरणारा मुलगा आता ग्रेडरकडे नमुने पोहोचविण्याच्या कामावर आहे. दिवाणजी मात्र अजून छापील पट्टीवरून दर दहावी गाडी फाइलशी ताडून पाहतात, आणि हंगाम संपेपर्यंत ते तसेच चालू ठेवावे असे माझेही मत आहे.

आवाराचा नकाशा, पत्त्यांचा तक्ता आणि फोल्डरचा पासवर्ड बंद पाकिटात घालून व्यवस्थापकांकडे दिला. दोन कामे शिल्लक आहेत. काटाघराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून त्याचा रोध मेअखेरीपूर्वी मोजायचा आहे. जुनी १३१ मीटरची केबल दोन्ही टोकांना यंत्रांपासून सोडविलेली असली तरी अजून भिंतीवरच आहे. गंजी उठल्यावर ती पूर्ण काढून घ्यावी, कारण कोणीतरी “जादा लाइन” म्हणून ती पुन्हा दोन्ही टोकांना स्विचमध्ये खोचली, तर फायबर आणि तांबे यांचे कडे तयार होऊन संपूर्ण जाळे बंद पडू शकते.